माझ्या घोटलेल्या भिंती

काठोकाठ

मित्रांनो, मी एक जुना हौद आहे. अकोटात नत्थुजींच्या घरामागे, परसबागेत, विहिरीला खेटून बसलेला. देवीदास गवंड्याने मला विटांनी बांधले आणि वरचा चुना इतका घोटला की शेजारपाजारचे लोक माझ्या भिंतींवर हात फिरवायला यायचे. मला फार बरे वाटायचे.

मग पाहुणे येऊ लागले. शेपटी हलवणारा धोबी पक्षी. भर दुपारी मुंगूस. काठावरून वाकून पाणी पिणारी खार. तिचे घर माझ्यावर झुकलेल्या कडुलिंबाच्या फांदीत होते. नत्थुजींची बायको गोदाबाई भांडी घासता घासता थांबून त्यांना पाहायची. त्यांच्यासाठीच ती मला भरलेला ठेवायची.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती.

अर्धा

सातासमुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्वारीच्या वावरातही कापसाची पऱ्हाटी उभी राहिली. नत्थुजी गाड्या भरून खामगावच्या बाजारात नेऊ लागले. वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात सीतादही करायचे, दहीभात वाहायचा आणि त्या दिवशीचा कापूस घरी ठेवायचा, ही रीत. त्या साली तोही गाडीत गेला. मला भरायलाही कुणाला सवड नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी लेक जमुना बाळंतपणाला माहेरी आली.

"आवो, लेकराच्या गादीत घालाले बोटभर कापूस नाही घरात," गोदाबाई म्हणाली.

"गाडी गेली खामगावले. आता काय तिच्या मांगं धावू?" नत्थुजी म्हणाले.

जमुना लिंबाकडे पाहून हसली. "माय, खारीच्या घरात पाह्य कशी कापसाची गादी हाय."

"तिचा नवरा बाजारात जात नाही ना," गोदाबाई म्हणाली.

नत्थुजी उठून गेले.

तळाशी

खार बाहेर गेलेली पाहून गोदाबाईला घरटे रिकामे वाटले. तिने काठीने ते ओढले. कापसाचा गोळा सुटला. त्यातून दोन पिल्ले पडली. एक मातीत.

एक माझ्यात.

पाणी वीतभरच होते. पिल्लू धडपडत भिंतीपाशी आले. नखे लावली. घसरले. पुन्हा लावली. घसरले. मित्रांनो, एक खाच हवी होती. एखादा तडा. माझ्यात काहीच नव्हते. गोदाबाईचा हात खाली पोहोचेना. पोहरा आणून सोडेपर्यंत पिल्लू हलायचे थांबले होते.

खार परतली. मातीतले पिल्लू तिने तोंडात धरले आणि ती कुंपणापलीकडे गेली.

गोदाबाईच्या हातात कापूस तसाच होता. जमुना म्हणाली, "माय, हा माह्या लेकराखाली नको टाकू."

गोदाबाईने तो परत फांदीवर ठेवला. चार दिवसांनी बाळ झाले, ते गोदाबाईच्या जुन्या लुगड्याच्या घडीवर निजले.

नत्थुजींनी नव्या गाडीसाठी बाभळीचे खोड आणून ठेवले होते. ते त्यांनी माझ्यात तिरपे उतरवले. एक टोक तळाला, दुसरे काठाला.

"अन् गाडी?" गोदाबाईने विचारले.

"जुनीच चालते." खोड पक्के बसले का, ते त्यांनी हलवून पाहिले. "कापूस म्या नेला."

"काठी म्या मारली," ती म्हणाली.

भिंती माझ्या होत्या. पण मला बोलता येत नव्हते.

त्या खोडावरून पुढे बेडूक चढले, सरडे चढले, एकदा भिजलेले मुंगूसही चढले. खार आली नाही.

हौदाचा काय दोष, असे तुम्ही म्हणाल. मला तसे म्हणून सोडू नका. तुमच्या परसात हौद असेल, टाके असेल, पुरलेला रांजण असेल, तर आजच त्यात एक खरबरीत लाकूड तिरपे टाका. ते चांगले दिसणार नाही.

तरी टाका.