म्लिनारचे सदरे धुणारा हंडा

मी तांब्याचा हंडा. यासेनार गावातल्या फुटबॉलच्या मैदानाला लागून जे शेवटचं अंगण आहे, तिथल्या पडवीत मी असतो. मला तांबटाने ठोकून घडवलं ते आलुबुखाराचा मुरंबा आटवायला. रादोयकाच्या लग्नात तिच्या बापाने मला तिच्याबरोबर पाठवलं. पहिल्या शरद ऋतूत माझ्यात मुरंबा शिजला, आणि दुसऱ्या वर्षी माझं नशीब फिरलं.

रादोयकाचा नवरा स्वेतोझार गावच्या पाणचक्कीवर दळण दळायचा. दुसरं महायुद्ध संपून तीन वर्षं झाली होती. चक्कीवरच्या पोरांनी मिळून क्लब काढला आणि त्याचं नाव ठेवलं म्लिनार, म्हणजे गिरणीवाला. गोलरक्षक अर्थातच स्वेतोझार, कारण त्याचे हात फावड्याएवढे होते. चेंडू मिळाला, पण सदऱ्यांना कापड मिळेना. शेवटी रादोयकाने पिठाची रिकामी पोती उसवून अकरा सदरे शिवले. पोत्यांवरचे छाप काही केल्या जाईनात, तेव्हा तिने अक्रोडाच्या हिरव्या साली माझ्यात उकळल्या आणि सगळे सदरे त्यात बुडवले. ते तपकिरी निघाले. तोच क्लबचा रंग ठरला. कुणी बैठक घेतली नाही की ठराव केला नाही.

तरी पावसात भिजल्यावर स्वेतोझारच्या पोटावर ‘दुसऱ्या प्रतीचं’ ही अक्षरं उमटायचीच. शेजारच्या लुकोवो गावचे लोक गोलमागे उभे राहून ती मोठ्याने वाचायचे. लुकोवोला विटांचा कारखाना होता, त्यामुळे त्यांच्या क्लबला दुकानातून आणलेले निळे सदरे होते. त्यांना मिजास असणारच.

त्या दिवसापासून मुरंब्याचे आठ दिवस सोडले तर वर्षभर मी क्लबचा झालो. रविवारी सामना, सोमवारी धुणं. सदऱ्यांवरून मला सगळं कळायचं. कोण चिखलात लोळला, कोण नुसता उभा राहिला, कुणी बाहीला नाक पुसलं. एकसष्ट साली म्लिनार एक पायरी वरच्या गटात चढला, तेव्हा सदऱ्यांना वाइनचा वास येत होता आणि रादोयका धुता धुता गात होती. वरच्या गटात आम्ही दोनच वर्षं टिकलो. पण ती दोन वर्षं गावाने पुढे तीस वर्षं पुरवून पुरवून सांगितली.

वितोमिर हा त्यांचा एकुलता एक मुलगा. पायात वारं भरलेलं. तो सतराव्या वर्षी म्लिनारकडून खेळायला लागला आणि एकोणिसाव्या वर्षी लुकोवोला गेला. विटांच्या कारखान्याने त्याला कायमची नोकरी दिली होती आणि बदल्यात त्याने त्यांच्याकडून खेळायचं होतं. त्याच्या वयाच्या कुणीही तेच केलं असतं. पण त्या वसंतात त्याने म्लिनारवर गोल मारला आणि संध्याकाळी आपला निळा सदरा आणून पडवीत ठेवला, आई धुईल म्हणून.

स्वेतोझारने तो काठीने उचलला. तो एवढंच म्हणाला, “या हंड्यात हा पडायचा नाही.”

वितोमिरने सदरा घेतला, खोलीतून कपडे घेतले आणि लुकोवोला राहायला गेला. बापलेक पुढची चौदा वर्षं बोलले नाहीत. रादोयका मधे पडली नाही असं नाही, पण दोन्हीकडचे दगड एकाच खाणीतले. स्वेतोझार गेला तेव्हा वितोमिर फाटकापाशी उभा राहिला, शवपेटीमागून दफनभूमीपर्यंत चालला आणि परत गेला. त्यानंतर दर शरदात तो आईची लाकडं फोडायला यायचा. कुऱ्हाड चालवायचा, सूप प्यायचा, जायचा. मैदानाकडे पाठ करून.

मग ती वाईट वर्षं आली. देश फुटला. काही पोरांना लढाईवर नेलं, काही त्याआधीच व्हिएन्नाला निसटली. दुकानात साबण नव्हता, म्हणून रादोयका राखेचं पाणी करून सदरे धुवायची. पूर्वी दोरीवर पंधरा वाळायचे, आता आठ, मग सहा. नियम असा की सात खेळाडूंशिवाय सामना सुरू होत नाही, आणि लागोपाठ तीन सामने न खेळणारा क्लब यादीतून कायमचा बाद होतो. म्लिनारचे दोन बुडाले होते. क्लबचं कामकाज पाहणारे शाळामास्तर कपाळाला हात लावून पडवीत बसले. त्यांच्याजवळ सहा माणसं होती आणि तीन दिवस.

वितोमिर त्या दिवशी लाकडं फोडत होता. रादोयकाने धुतलेला सातवा सदरा माझ्या काठावर टाकला आणि त्याला म्हणाली, “रविवारी येशील?”

त्याला कळायला वेळ लागला. “आई, बेचाळीस वर्षांचा झालो मी. गुडघा वाजतो माझा.”

“वाजू दे. पंच माणसं मोजतो, गुडघे नाही.”

तो कुऱ्हाड टेकून उभा राहिला. त्याने विचारलं, “बाबांना चाललं असतं?”

“नसतं चाललं,” ती म्हणाली. “पण तो गेला रे. मी आहे अजून.”

वितोमिरने उरलेली लाकडं फोडली. जाताना सदरा मात्र घेऊन गेला. मास्तरांनी त्याच संध्याकाळी त्याच्या नोंदणीचे कागद केले.

रविवारी सात जण अकरांविरुद्ध उतरले. मध्यंतरापर्यंत आम्ही सात गोल खाल्ले होते. उत्तरार्ध सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि वितोमिरचा गुडघा गेला. तो बाहेर पडला असता तर सहाच उरले असते आणि सामना तिथेच संपला असता, क्लबसकट. तो लंगडत गोलमधे गेला, तिथल्या पोराला पुढे पाठवलं आणि खांबाला धरून उभा राहिला. जिथे त्याचा बाप वीस वर्षं उभा होता, तो हाच गोल, आमच्या कुंपणापलीकडचा. रादोयका कुंपणाशी होती. तिच्या हातातलं फडकं पिळून पिळून दोरी झालं होतं.

चेंडू त्याच्या दोन्ही बाजूंनी आत जात राहिले. शेवटी शेवटी समोरच्यांनाच लाज वाटली असावी, ते लांबूनच हळूहळू मारू लागले. पंधरा-शून्य. पंचाने शेवटची शिट्टी फुंकली तेव्हा सातही जण मैदानात होते. क्लब वाचला.

त्या सोमवारी वितोमिर कामावर गेला नाही. एका पायावर जोर देत त्याने विहिरीचं पाणी शेंदलं आणि मला भरलं. मायलेकांनी सातही सदरे मिळून धुतले. काय बोलले म्हणाल, तर लुकोवोचं पाणी जड आहे, त्यात फेस होत नाही, एवढंच. हिवाळ्याआधी तो सामान घेऊन घरी परत आला.

म्लिनार त्यानंतर तेवीस वर्षं जगला. सगळ्यात खालच्या गटात, कधी शेवटून दुसरा, कधी शेवटचा. मधे क्लबात धुण्याचं यंत्र आलं. रादोयका दर सोमवारी जाऊन ते नीट धुतंय की नाही ते पाहून यायची, आणि नाही म्हणायची. ती गेली, चक्की बंद पडली, शाळेला कुलूप लागलं. एका उन्हाळ्यात मैदानावर चारच माणसं जमली, त्यातला एक वितोमिर, पासष्टीचा. क्लब बंद केल्याचा कागद कचेरीत तोच घेऊन गेला. आल्यावर त्याने शेवटच्या हंगामाचे सदरे घडी घातले, अक्रोडाची पानं मधे घालून माझ्यात रचले आणि वर फळी ठेवली.

माझ्या बुडाला आता चीर आहे. पाणी राहत नाही आणि डाग द्यायला तांबट उरले नाहीत. भंगारवाला वर्षातून दोनदा फाटकाशी येतो. वितोमिर त्याला कॉफी पाजतो, गप्पा मारतो आणि रिकाम्या हाताने पाठवतो. पण वितोमिरही आता काठीवर आला आहे.

त्याच्यामागे जो कोणी या अंगणात येईल त्याला माझं एकच सांगणं. मला खुशाल वितळवा. तांबं आहे, कशाच्याही कामी येईल. फक्त त्याआधी फळी उचला, सदरे बाहेर काढा आणि एक दिवस दोरीवर वाळत घाला. गावात कुणी राहिलं असेल, तर त्याला पाहू द्या.