पाठीमागचा हार

"परत तक्रारीचा नंबर सांगू? अहो, सकाळपासून चारदा सांगून झाला!" रंगनाथ खैरनार फोनवर इतक्या जोरात ओरडला, की बाहेर फरशी पुसणारी चांगुणा दचकली.

"सर, इंजिनीअर निघालेत."

"कुठून निघालेत?"

"पुण्याहून, सर."

"हेच दहा वाजताही सांगितलंत! आता अडीच वाजले. चालत येतोय का तो?"

पलीकडून गाणं सुरू झालं. रंगनाथने फोन आदळला.

दोन हजार सहा सालचा दसरा कालच झाला होता. सातपूरच्या या डाय, म्हणजे साचे, बनवणाऱ्या कारखान्यात काचेची एक थंडगार खोली होती. खोलीत कपाटाएवढी डिस्कची पेटी आणि पेटीत बावीस वर्षांची ड्रॉइंगं. पेटीच्या मागच्या बाजूला दोन कंट्रोलर बसवलेले, पेटीतली सगळी माहिती त्यांच्यातूनच आत-बाहेर होणार. त्यातला एक सकाळी मेला आणि नारिंगी दिवा लागला. आता सगळा भार दुसऱ्यावर. तोही बसला, तर ड्रॉइंगं पुन्हा दिसतील की नाही, हे फोनवरचा एकही शहाणा छातीठोकपणे सांगेना.

यातली निम्मी ड्रॉइंगं रंगनाथने ड्रॉइंगच्या बोर्डापुढे उभं राहून, कंबर मोडेपर्यंत स्वतःच्या हाताने काढलेली. कागद दोन वर्षांपूर्वी स्कॅन करून रद्दीत गेले आणि तेही त्याच्याच शब्दावर. "आता सगळं पेटीत आहे, साहेब," असं तोच मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता. आज डबा उघडला, तरी घास उतरेना.

साडेतीनला ललित नावाचा इंजिनीअर उगवला. काखेत खोकं, हातात कागद. "सिन्नरला गाडी बंद पडली, काका," म्हणत तो थेट पेटीच्या मागे गेला, कागदाकडे बघितलं आणि उजवीकडच्या कंट्रोलरची कडी धरली.

रंगनाथने झडप घालून त्याचं मनगट पकडलं. "अहो, काय करताय! कागदावरचं चित्र पुढून काढलंय, तुम्ही मागे उभे आहात. दिवा बघा ना! हिरवा आहे, हाच तर जिवंत आहे!"

ललितने कडी सोडली. "काका... वाचवलंत."

"आभार नंतर माना. आधी डावा काढा."

डावा कंट्रोलर सरकत बाहेर आला आणि त्याच्याबरोबर झेंडूच्या पाकळ्या खाली सांडल्या. ललितने वाकून बघितलं. डाव्या कंट्रोलरच्या खाली, तळाकडच्या जाळीला झेंडूचा जाडजूड हार घट्ट बांधलेला होता.

"हा कोणी बांधला? गरम हवा बाहेर पडायला जागाच ठेवली नाही. भाजून निघाला बिचारा."

रंगनाथने पुढे होऊन हाराची गाठ सोडली. बोर्ड होता तेव्हा दर दसऱ्याला तो बोर्डाला हार घालायचा, दिवसभर पेन्सिलीला हात लावायचा नाही. बोर्ड गेला, पेटी आली, म्हणून हार पेटीला. पुढून घातला तर दिवे झाकतात, तेव्हा शहाणपणा करून यंदा मागे बांधलेला. पेटीला सुट्टी नसते, ती दसऱ्यालाही धापा टाकत असते, हे याच्या डोक्यातच आलं नाही.

दारातून चांगुणा हळूच म्हणाली, "भाऊ, फुलं म्या आणली व्हती... माझं काम जाईल का वं?"

"तू गप बस," रंगनाथ म्हणाला.

नवा कंट्रोलर खटकन बसला. दिवा दहा मिनिटं लुकलुकत राहिला. मग हिरवा झाला. रंगनाथने सत्याऐंशी सालचं एक ड्रॉइंग उघडलं. कोपऱ्यात 'रं. खै.' अशी त्याचीच बारीक सही होती. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

ललित फॉर्म भरत होता. "कारण काय लिहू? व्होल्टेज लिहितो. कोण बघतंय!"

तेवढ्यात मालकांचे चिरंजीव, किशोरसाहेब, आत आले. त्यांनी जमिनीवरची फुलं बघितली. "हे त्या झाडूवालीचं काम ना? उद्यापासून तिला येऊ नको म्हणावं."

"नाही साहेब," रंगनाथ म्हणाला. "हार मी बांधला. तिने नुसती फुलं आणली, तीही माझ्या सांगण्यावरून. लिहा हो ललित, हारामुळे म्हणून लिहा."

ललितने खाली मान घालून लिहिलं. मनगट कोणी धरलं होतं, ते लिहायला फॉर्मवर रकानाच नव्हता.

किशोरसाहेबांनी फॉर्म उचलून वाचला. "काका, खोलीची किल्ली टेबलावर ठेवा. उद्यापासून इथलं ऑफिसातल्या तृप्ती मॅडम बघतील."

रंगनाथने किल्ली काढून ठेवली. मग खाली बसून एकेक पाकळी हाताने वेचली. झाडूने धूळ उडाली असती.

पुढच्या दसऱ्याला चांगुणा फुलांची पिशवी घेऊन आली. "भाऊ, औंदा हार नाय का करायचा?"

"तिला हवा लागते, चांगुणाबाई."

त्याने पिशवीतलं एकच फूल उचललं. काचेच्या दाराबाहेर, पायपुसण्यापासून जरा दूर, ते ठेवलं. आतले दोन्ही दिवे हिरवे आहेत ना, हे वाकून बघितलं आणि जागेवर जाऊन बसला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने पेन्सिलीला हात लावला नाही.