ॲग्नेस आंटींचं वीतभर स्वर्गारोहण

हे कुणी खरं मानणार नाही, आणि मानूही नये. पण मी ते स्वतः पाहिलं, त्याला माझा इलाज नाही. बुकित पंजांगच्या बाराव्या मजल्यावरच्या आमच्या शेजारीण ॲग्नेस आंटी जिवंतपणी स्वर्गाला निघाल्या होत्या.

दोन हजार अकराचा मे महिना. मुलाकडे, वरदकडे, परदेशात आम्ही नवरा-बायको राहायला आलो होतो. एके दिवशी सकाळीच आंटींनी आपल्या फ्लॅटची किल्ली माझ्या हातात ठेवली. "आज संध्याकाळी सहाला येशू आपल्या माणसांना वर उचलणार. रेडिओवर सांगितलंय. माझ्या कासवाला कोबीचं पान घालत जा."

"आम्हीच का?"

"तुम्ही इथंच राहणार ना, लाह!" वाक्याला "लाह"चं शेपूट लावायची तिकडची लकब.

आमच्या दमयंतीला ते झोंबलं. "अहो, चाळीस वर्षं एकादश्या केल्या, त्या काय कासव राखायला?"

पण पुढचं ऐकायला ती आंटींच्या जवळ सरकली. म्हणे, आधी कबरीतले उठणार, मग जिवंत माणसं उचलली जाणार, आणि ढगांत सगळ्यांची गाठ पडणार. आंटींचा नवरा हॉक सेंग नऊ वर्षं चोआ चू कांगच्या दफनभूमीत होता. त्याला इस्पितळात नेलं त्या सकाळी दोघं कडाकडा भांडली होती. "माफी मागायची राहिलीय," आंटी म्हणाल्या. तो दिवस, ती घटका कुणालाच ठाऊक नसते, असं त्यांच्या पास्टरनं बजावलं होतं. पण त्यांना धीर कुठला!

पाचपासून त्यांची कॉरिडॉरमध्ये येरझार सुरू झाली. चपला घालाव्यात की नकोत? गॅस बंद केला का, तीनदा बघून आल्या. खालून एलआरटीची छोटी रेल्वे सरकली तरी दचकून आभाळाकडे बघत. त्यांच्यामागे ही, हिच्यामागे मी. पावणेसहाला हिला राहवेना. प्रवासाला निघालेल्याच्या हातावर दही घालायची आपली रीत. हिनं चमचाभर त्यांच्या तळव्यावर घातलंच. आंटींनी मुकाट्यानं चाटलं.

सहा वाजले. आणि आंटींचे पाय जमिनीवरून सुटले! चांगले वीतभर. त्यांच्या टाचांखालून मला पलीकडची तुळशीची कुंडी दिसली. मग सावकाश, पिसासारख्या, खाली आल्या.

सव्वासहा झाले. साडेसहा. आंटी प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या.

"मला नाही घेतलं," त्या पुटपुटल्या. "हॉक सेंगलाच माझं तोंड बघायचं नसेल."

हिनं मला कोपरानं ढोसलं.

"कुणी सांगितलं नाही घेतलं?" मी म्हणालो. "वीतभर गेला होतात की! पण हातावर दही घेतलेला माणूस परत येतोच. त्यापुढे देवदूतांचं काय चालणार? चूक हिची. वर हॉक सेंग दोन्ही हात पसरून उभे होते. तुमच्या भिंतीवरच्या फोटोतलं टक्कल मी लगेच ओळखलं."

"अहो!" ही किंचाळली.

आंटींनी माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

"अंकल, सहा वाजता तुम्ही डोळे गच्च मिटून माझी बाही धरून उभे होतात. मी बघत होते."