ऐंशी करामती

एकाहत्तर साली मी पाथर्डीकडच्या एका गावात चौथीला शिकवत होतो. शनिवारी दप्तरं मिटली की आमचा किल्ल्याचा खेळ चाले. मी पेच घालायचा: दोर तुटलाय, पहारेकरी जागा आहे, आता काय कराल? ज्याची युक्ती वर्गाला पटे त्याला एक करामत. दहा करामतींना एक हुद्दा: नाईक, हवालदार, जुमलेदार आणि चाळिसाव्या करामतीला किल्लेदार. खेळ माझाच, त्याची घमेंडही माझीच.

दिवाळीनंतरच्या शनिवारी चांगुणाच्या छत्तीस करामती होत्या, त्याच वर्गातल्या माझ्या लेकीच्या, लीनाच्या एकवीस. रविवारी चांगुणाचे आईबाप तिला घेऊन कोपरगावकडे ऊसतोडीला निघणार, हे गावाला ठाऊक होतं आणि मलाही.

"गुरुजी, आज मला किल्लेदार व्हयाचंय," ती म्हणाली.

लीनाचा चेहरा पडला. घरी ती आठवडाभर धुसफुसत होती. पण मास्तरची मुलगी मागे राहते हे मलाच जास्त खुपत होतं, उगाच लेकीच्या माथी कशाला मारू.

मी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: किल्लेदारीला ऐंशी. "हुद्दा वाढला की कामही वाढतं," असं वर तत्त्वज्ञानही पाजळलं. नियम इतका शहाणा होता की त्यात कुणाला खोट काढता आली नसती. चांगुणाने तो वहीत उतरवून घेतला. त्या दिवशी तिने चार करामती केल्या, बरोबर चाळीस झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची बैलगाडी गेली.

फाल्गुनात ऐंशी पुऱ्या करून लीना किल्लेदार झाली. टाळ्या आधी मीच वाजवल्या.

चैत्रात चांगुणा परतली आणि वही घेऊन टेबलापाशी आली.

"तिथं बी खेळ मांडला, गुरुजी. खोप्यांतली सात पोरं हुती. पर त्यांची किल्लेदारी चाळिसालाच ठिवली."

"का ग?"

"कोन कवा दुसऱ्या फडावर जाईल, नेम न्हाई. ऐंशी कवा हुयाच्या?"

वहीत सातही नावांपुढे किल्लेदार लिहिलं होतं. शेवटी तिचं नाव: अडुसष्ट, जुमलेदार.

"तुझ्या तर चाळीस कधीच झाल्यात," मी म्हणालो.

"माज्यासाठी तुमी ऐंशी लिवलंय न्हवं."

मला भयंकर लाज वाटली. तो नियम मी तुला अडवायलाच केला होता, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण लीना समोरच बसली होती, ऐकत होती.

"बारा राहिल्या," मी म्हणालो. "बस जागेवर."