दोन तुकड्यांची वाटी

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात हशा चालला होता. टॅक्सीवाला तपासणीच्या टेबलावर पाय पसरून बसला होता. बाबा त्याच्या गुडघ्याचा एक्सरे खिडकीच्या उजेडात धरून उभे होते आणि त्यांची लेक त्यांच्या खांद्यावरून बघत होती. दोघंही हाडांचे डॉक्टर, पण लोकांच्या तोंडी डॉक्टर म्हणजे बाबा. ती नुसती "बाई".

"दुसरीकडे म्हणाले, वाटी फुटलीय, प्लास्टर घाला," टॅक्सीवाला म्हणाला. रविवारी तो व्हॉलीबॉल खेळायचा. उडी मारली की डाव्या गुडघ्याची वाटी वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात ठणकायची.

"फुटलेल्या हाडाची कड खरबरीत असते. वाटीतली ही रेघ बघ, नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत. आता दुसऱ्या गुडघ्याचा फोटो काढू," बाबा म्हणाले.

दुसऱ्या गुडघ्यातही तशीच रेघ निघाली. बाबांनी चक्क टाळी वाजवली. "तुझ्या वाट्या पहिल्यापासूनच दोन-दोन तुकड्यांच्या! वाढत्या वयात सांधायच्या राहिल्या. हा आजार नाही, ठेवण आहे. एखाद्याचं नाक बसकं असतं ना, तसं."

"माझी अक्कल गुडघ्यात आहे असं आई म्हणायची," टॅक्सीवाला म्हणाला. "पण तीही दोन तुकड्यांत?"

"तरीच उड्या मारत सुटलाय," काउंटरवरून आत्या म्हणाली. ती बाबांची धाकटी बहीण. दवाखान्याचा दरवाजा आणि सगळ्यांची तोंडं तिच्या ताब्यात.

लेकीने डाव्या गुडघ्यावर त्या रेघेच्या जागी बोट दाबलं. टॅक्सीवाला कळवळला. बोट जरा बाजूला नेलं, तर काही नाही.

"दुखतंय ते मांडीचा स्नायू कमजोर आहे म्हणून," बाबा म्हणाले. "ठेवण कधी दुखत नसते. व्यायाम कर, बिनधास्त खेळ."

तिला ते पटलं नाही. उडी मारताना मांडीचा स्नायू तो छोटा तुकडा ओढत असणार, दोन तुकड्यांमधली कूर्चा सुजत असणार. ती बोलायला गेली, पण बाबांनी पुढच्या पेशंटला हाक मारली होती. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की तिने ओठ मिटले. उद्या बोलू.

सकाळी चहा गाळताना बाबा खाली बसले ते उठलेच नाहीत.

त्यानंतर तिचं बूड एका जागी टिकेना. पेशंट आत यायच्या आधी ती तीनदा हात धुवायची. खुर्ची भिंतीकडे सरकवायची, पुन्हा पुढे ओढायची. घरी जेवताना मध्येच उठून नळ बंद आहे का बघून यायची. लोक म्हणायचे, डॉक्टरांनी असं सांगितलं होतं. आत्या म्हणायची, "दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." ती मान हलवायची आणि आतल्या आत धुमसायची. कशावर, ते तिचं तिलाच कळायचं नाही.

सहा-सात महिन्यांनी टॅक्सीवाला लंगडत आला. एकदाही व्यायाम चुकवला नव्हता, एकही रविवार सोडला नव्हता. आता क्लच दाबतानाही कळ यायची. तिने एमआरआय करायला लावला. रेघेच्या दोन्ही बाजूंना हाड सुजलेलं होतं, आणि दुसरं काही नव्हतं.

"काही दिवस उड्या पूर्ण बंद," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "मांडी सैल करायचे व्यायाम देते. जोर लावायचे नंतर. एवढ्यानं नाहीच थांबलं, तर तो छोटा तुकडा काढता येतो."

"पण बाई, डॉक्टर म्हणाले होते, ठेवण दुखत नसते." टॅक्सीवाला हसला. "रविवारी फायनल आहे. त्यांनी बिनधास्त खेळ म्हटलंय. त्यांचा शब्द मी मोडणार नाही."

"शहाणा आहेस," आत्या म्हणाली.

ती बेसिनकडे गेली. नळ सोडला, बंद केला. तेव्हापेक्षा दुखणं बदललंय, असं म्हटलं तर कोणालाच बोल लागणार नव्हता. बाबांनाही नाही. पण दुखणं बदललं नव्हतं. त्याच कोपऱ्यात होतं, त्या दिवशी तिच्या बोटाखाली आलं होतं तिथंच. आणि या माणसाचा पोटापाण्याचा पाय तो डावाच. रविवारी तो पुन्हा उडी मारणार, तीही बाबांचं नाव घेऊन.

"नाही खेळायचं," ती म्हणाली. "वाटी फुटलेली नाही हे त्यांनी ओळखलं, दुसऱ्या कोणाला ओळखता आलं नव्हतं. पण पुढचं चुकलं."

"कोणाचं चुकलं?" आत्या काउंटरमागून उठली. "कोणाबद्दल बोलतेयस, भान आहे का?"

हात ओलेच होते. ती वळली. आवाज चिरकेल असं तिला वाटलं होतं, पण तो स्वच्छ निघाला.

"बाबांचं, आत्या. माझे बाबा चुकले."