समुद्राचा वाटा

नव्याच्या दिवशी दुपारी आमच्या वाडीच्या फोनमधून समुद्र काढून टाकण्यात आला. काढणारं बोट माझं होतं. साक्षीला बारा घरची माणसं आणि दोन कुत्री.

असं काही झालेलं नाही, असं धरून चालू. समुद्र आहे तिथंच आहे, आषाढ चालू आहे आणि नव्या तांदळाचा सण अजून लांब आहे. तिथून सांगतो.

कुंभारवाड्याच्या पुढं बसचा ड्रायव्हर “आता आणि कुठं?” असं विचारतो आणि उत्तराची वाट न बघता गाडी वळवतो. तिथून तासभर चाललं की आमची वाडी. घराघरात फोन आहेत, पण ते विजेरीचं काम करतात. रेंज येते एकाच जागी, वरच्या अंगाला हत्तीएवढा दगड आहे त्याच्या डोक्यावर. म्हणून नेटचा फोन बारा घरांत मिळून एक. तो दगडावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहतो. डब्यावर छत्री बांधलेली आहे. देखभाल माझ्याकडं, कारण मी बारावी पास आहे आणि दुसरं कुठलं खातं मला कुणी दिलेलं नाही. माझं नाव गुरुदास.

आषाढात फोनमधलं ब्राउझर अपडेट झालं आणि त्यानं एक पाटी दाखवली. तुम्ही काय काय बघता त्यावरून आम्ही तुमच्या आवडी ताडल्या आहेत. त्या वेबसाइटांना कळू द्यायच्या की नाही, हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे. नको ती आवड बंद करा.

बाब खासगी होती. म्हणून मी ती मांडावर वाचून दाखवली. मांड म्हणजे वाडीची देवाची आणि सभेची मोकळी जागा. तिथं ठरतं ते सगळ्यांना लागू, आणि न आलेल्यांना जरा जास्तच.

“गुरांचे आजार,” मी वाचलं.

“माझं ते,” झिलू म्हणाला. त्याच्या म्हशीचा पाय आठ दिवस सुजला होता.

“भक्तिसंगीत.”

महाबळेश्वरमामांनी मान हलवली. ते वाडीचे बुधवंत, म्हणजे मुख्य. त्यांच्या शब्दानंतर शब्द नसतो, नुसतं खोकणं असतं.

“केस गळणं.”

धाकलूनं टोपी सारखी केली. “वाच की रे पुढं. तिथंच काय बसलायस?”

“सोन्याचे दागिने.”

“व्हय, मीच बघते,” सुमंगलाकाकी म्हणाली. “बघून काय झिजतंय व्हय सोनं?”

“समुद्र आणि किनारे.”

ब्राउझरच्या लेखी आम्ही सगळे मिळून एकच माणूस होतो. टक्कल पडत चाललेला, म्हशी पाळणारा, भजनी, दागिन्यांचा हौशी, आणि समुद्राकडं डोळे लावून बसलेला. वर्णन फारसं चुकलं नव्हतं. फक्त शेवटचा तुकडा कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते माणूस वाडीत नव्हतं.

चंद्राअक्काची भाग्यलक्ष्मी. भागी.

बारा घरांत समुद्र पाहिलेली माणसं तीन. त्यातली दोघं म्हणतात, विशेष काही नाही. भागीनं तो पाहिला नव्हता, म्हणून तिला विशेष वाटायचा. दोन वर्षं ती रोज संध्याकाळी दगडावर यायची आणि म्हणायची, “कारवारची भरती काढ रे.” मी भरती-ओहोटीच्या वेळा काढायचो. कारवार आमच्यापासून बसनं चार तास, बस असली तर. त्या वेळा बघून वाडीत कुणाचंही काही अडणार किंवा सुटणार नव्हतं. “आता ओहोटी लागली,” ती म्हणायची, आणि पाणी मागं जाईपर्यंत आम्ही दोघं बसून राहायचो. पाण्याला वेळ लागतो. मला घाई नसायची.

शिमग्यानंतर ती मडगावला गेली, एका दवाखान्यात आया म्हणून. जाताना मला म्हणाली, “डब्याचं झाकण नीट लावत जा.” त्या वाक्यात माझ्यासाठी काय होतं ते मी चार महिने शोधतोय. आतापर्यंत झाकण सापडलंय.

दर रविवारी चारला ती आईला फोन करते. चंद्राअक्काला फोन धरता येत नाही, म्हणजे तिला तो कानाला नाही, तोंडासमोर देवाच्या आरशासारखा लागतो. तो मी धरतो. स्पीकर चालू असतो. भागी म्हशीचं विचारते, काकीच्या गुडघ्याचं विचारते, एकदा कुत्र्यांचंही नाव घेऊन विचारलं. फोन कोण धरतंय ते विचारत नाही. दगडानंच धरलाय असं तिला वाटत असावं.

तर मांडावर महाबळेश्वरमामा खोकले. “ते समुद्राचं काढ गुरु. भजन लावलं की आधी जाहिरातीत बायका पोहतात. मी डोळे मिटून घेतो. डोळे उघडेस्तवर अर्धा अभंग गेलेला असतो.”

“एवढं घट्ट कशाला मिटता?” सुमंगलाकाकी म्हणाली. “थोडं किलकिलं ठेवावं माणसानं.”

“काकी, सभा हाय,” मामा म्हणाले.

“सभा हाय म्हणूनच बोलते. घरात हेच मी तुमच्या बायकोला सांगितलंय.”

बंद करणं अगदी सोपं होतं. नावापुढं एक बटण होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. मी उभा राहिलो. मांडावर मी कधी उभा राहिलो नव्हतो, त्यामुळं कुत्रीही उठली.

“मामा, चढणीचे मासे धरले की गावाला गेलेल्याचा वाटा काढतो का न्हाई?”

“काढतो.”

“कधीपर्यंत?”

“नव्यापर्यंत,” मामा म्हणाले. हे लहान पोरालाही ठाऊक. पावसाच्या तोंडाला मासे ओढ्यानं वर चढतात, सगळी वाडी मिळून धरते, आणि जो बाहेर गेलाय त्याचा वाटाही पानावर वेगळा काढून त्याच्या घरी देतात. नव्या तांदळाचा नैवेद्य होईपर्यंत माणूस परतला नाही, तर त्याचा वाटा मोडतात.

“मग समुद्र हा भागीचा वाटा. नव्यापर्यंत मोडता येणार न्हाई.”

मामांनी बराच वेळ विचार केला. माशाचा नियम ब्राउझरला लागू नाही असं म्हणायला काहीतरी आधार लागतो, तो कुणाकडंच नव्हता. शेवटी ते खोकले आणि समुद्र राहिला. चंद्राअक्कानं पदरानं तोंड पुसलं. धाकलूनं हळूच विचारलं, “हजर माणसाची आवड सगळ्यांदेखत न वाचता ठेवायची काय सोय हाय काय?” ती चर्चा पुढं ढकलली.

दगडावर येऊन मी पाटीखालची बारीक अक्षरं वाचली. एखादा विषय चार आठवडे कुणी बघितला नाही, तर ब्राउझर तो आपण होऊन विसरतं. म्हणजे वाटा पानावर नुसता ठेवून चालणार नव्हता. त्याला रोज खाऊ घालायला हवं होतं.

मी घालायला लागलो. सकाळी भरतीच्या वेळा, दुपारी होड्या, संध्याकाळी मासळीच्या जाती. नांगराचे किती प्रकार असतात ते मी सांगू शकतो. शेतातला नव्हे, होडीचा. कुणी विचारत नाही. पंधरा दिवसांत फोनवर बोटीची इंजिनं विकणाऱ्याचा फोन आला. तो मामांनी घेतला. “बोट? आमच्याकडं ओढा हाय बाबा. उन्हाळ्यात तोही सुट्टीवर असतो.”

हळूहळू वाडीला सवय लागली. झिलू शेतावर जाताना खालूनच ओरडायचा, “गुरु, पाणी कुठवर आलं?” सुमंगलाकाकीनं लोणचं ओहोटीला घालायचं ठरवलं, खारट कमी होतं म्हणाली. झिलूची म्हैस ऐन भरतीला व्याली, आणि मामांनी स्वतः विचारलं की ही वेळ चांगली की वाईट. मी म्हटलं, कारवारात चांगली मानतात. मी कारवार पाहिलेलं नाही. समुद्र पाहिलेल्या तिघांत मी नाही.

श्रावणातल्या एका रविवारी चारला भागीचा फोन आला. मी धरला.

“आये, जेवलीस?”

“जेवले गे. आज भरती साडेचारला हाय.”

“काय?”

“कारवारची भरती. गुरु सांगतो रोज.”

इतक्या महिन्यांत त्या फोनमध्ये माझं नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं.

“त्याला कशाला गे समुद्र?”

“तुझा वाटा ठेवलाय फोनात. नव्यापर्यंत.”

ती हसली. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. मग म्हणाली, “आये, मी समुद्र अजून बघितलाच न्हाई. खोलीपासून अर्ध्या तासावर हाय म्हणतात. सुट्टी मिळाली की कपडे धुते आणि झोपते.”

“आगं बाय! मग इथं ये की. आमच्याकडं रोज असतो.”

“माझ्या फोनात उलटंच झालंय. जाहिरातीत रोज जंगल दाखवायचा. आपल्या बाजूची ती राहायची हाटेलं, झाडं, धुकं. एक दिवस त्यात आपल्या बसचा रस्ता दिसला, वळणावरचा. त्या दिवशी जेवण गेलं न्हाई.”

“मग?”

“मग बंद केलं. त्या आवडी असतात त्यात जाऊन. डोंगर आणि जंगल, बंद. आता भांडी दाखवतो. बरं हाय.”

“गुरु,” चंद्राअक्का मला म्हणाली, “फोन खाली चाललाय रे. आवाज तुटतोय.”

मी फोन पुन्हा तिच्या तोंडासमोर आणला.

“तिथं हाय काय तो?” भागीनं विचारलं.

“हाय की. फोन धरून उभा हाय.”

“रोज धरतो?”

“मग काय दगड धरतो?” चंद्राअक्का म्हणाली, आणि तेवढ्यात रेंज गेली. मी पंधरा मिनिटं फोन तसाच धरून उभा होतो. चंद्राअक्का खाली उतरून म्हशीकडं गेली तरी.

पुढच्या रविवारी तिनं काकीच्या गुडघ्याचं विचारलं.

नव्याला भागीला रजा मिळाली नाही. दारादारांवर कणसं बांधून झाली, नैवेद्य झाला, आणि मामा माझ्याशेजारी येऊन बसले. “गुरु, आता मोडायला पायजे रे.” ते खोकले नाहीत. मला युक्तिवाद सुचला होता, चांगला होता. मी तो केला नाही. पुढं काय झालं ते झालेलं नाही, हे मी सांगितलंच आहे. बटण दाबल्यावर ब्राउझरनं विचारलं, “तुमची खात्री आहे का?” तेवढंच नोंदवतो, कारण तोवर मला असं कुणीच विचारलं नव्हतं.

तिचा फोन तिच्या ताब्यात आहे. काय बघायचं आणि काय नाही ते ती ठरवते. हे बरोबरच आहे, पाटीवरही तसंच लिहिलं होतं. तरीही ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘अभिप्राय कळवा’ असा एक रकाना आहे. त्यात मी पुढील मजकूर भरून पाठवला आहे. पोच आलेली नाही.

प्रति,
मा. व्यवस्थापक, आवडी विभाग.

विषय: बंद केलेली आवड चुकून दाखवण्याबाबत.

महोदय,

भाग्यलक्ष्मी, सध्या राहणार मडगाव, यांनी आपल्या फोनमधील ‘डोंगर आणि जंगल’ हा विषय स्वखुशीने बंद केला आहे. त्यांच्या या अधिकारास अर्जदाराची कोणतीही हरकत नाही. तथापि, आपल्या यंत्रणेत अधूनमधून चुका होत असतीलच. त्यांपैकी एक चूक, वर्षातून एकदा, सदर व्यक्तीच्या सुट्टीच्या दिवशी, कपडे धुऊन झाल्यावर व झोपण्यापूर्वी, त्यांच्या फोनवर करण्यात यावी. जंगल कोणतेही चालेल. आमचेच असावे असा आग्रह नाही. फक्त ते चित्र मिटवण्याची फुली पहिली पाच सेकंद दिसू नये, ही नम्र विनंती.