नसलेल्या बंदीचा कागद

सुधाकररावांना संविधानाचं एकोणिसावं कलम तोंडपाठ होतं. देशभर कुठेही मोकळेपणाने फिरायचा हक्क! पण उभा जन्म गेला दिल्लीच्या सरकारी नोकरीत. तिथे रविवारी आग्र्याला जायचं तरी मुख्यालय सोडण्याची परवानगी काढावी लागे. निवृत्त झाले, सवय काही सुटली नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तसंच.

नोएडात त्यांची लेक पूर्वी हिच्या बाळाचं बारसं होतं. पहिली नात, आणि आजोबांनी तिला अजून पाहिलंही नव्हतं. नेमकी त्याच आठवड्यात दिल्ली-नोएडा सीमेवर जमावबंदी लागली. घोळका करू नये एवढाच हुकूम. येण्याजाण्याला कोणाची आडकाठी नव्हती. तरी सुधाकररावांनी जाण्याच्या परवानगीसाठी रीतसर अर्ज केला. त्यांच्या पत्नीने, कुमुदताईंनी, कपाळाला हात लावला.

उत्तर आलं: 'अशा परवानगीची तरतूद नाही. सबब अर्ज नामंजूर.'

बारशाच्या दिवशी नाक्यावरून रिक्षा, मोटारी बिनबोभाट सुटत होत्या. सुधाकररावांनी मात्र टॅक्सी थांबवली आणि कागद स्वतःहून हवालदाराच्या हातात दिला. लपवाछपवी त्यांच्या रक्तातच नव्हती.

"सर, आपका तो नामंजूर है," हवालदार हळहळला.

"लेकिन आर्टिकल उन्नीस..."

"बिल्कुल है, सर. सबका है. पर आपको लिखित में मना है."

तेवढ्यात एक बकरी रमतगमत पलीकडे गेली. तिने अर्ज केला नव्हता. सुधाकररावांचे डोळे भरून आले.

आता कुमुदताईंचा पारा चढला. खाली उतरून त्यांनी कागद ओढून घेतला, मधोमध फाडला, दोन पुड्या वळल्या, डब्यातल्या बारशाच्या घुगऱ्या त्यांत भरल्या आणि एक हवालदाराला, दुसरी त्याच्या साहेबाला दिली.

"नातिन का नामकरण है. खाइए."

हवालदाराने चार दाणे तोंडात टाकले. "कोई कागज है आपके पास?"

"नहीं."

"तो जाइए ना, माताजी. रोका किसने है?"

नोएडात पाळणा सजला होता. नात झोपेतच ओठ मुडपत होती. "आजोबा, घ्या तिला," सगळे म्हणाले. सुधाकररावांनी हात पुढे केले, मग थबकले आणि खोलीभर नजर फिरवली.

"काय शोधताय, बाबा?" पूर्वीने विचारलं.

"काही नाही गं. इथे सही कोणाची लागते?"

पूर्वीला हसू फुटलं. मग बाबांचा चेहरा पाहून ते मावळलं, आणि तिने बाळ उचलून त्यांच्या हातांत ठेवलं.